रूथबाईंना सांगितलेला अर्थ

हे मी नवऱ्यालासुद्धा कधी बोलले नाही. नागपूरच्या ताईलाही नाही — आणि ती तर तेव्हा फोनवर होतीच! तुम्हाला सांगते. का, ते विचारू नका.

इथे कॅनडात, आमच्या मार्कहॅमच्या गल्लीत रूथबाई राहतात. लहान मुलांची पुस्तकं लिहितात, सगळी इथल्या चिनी कुटुंबांवर. लाँड्री चालवणारे आजोबा, बोटीतून एकटी आलेली मुलगी... बाई स्वतः गोऱ्या, पण एक ओळ उगाच लिहीत नाहीत. ज्याचा शब्द, त्याच्या घरी जाऊन विचारणार. चिनी आज्यांना कच्चं लिखाण वाचून दाखवणार, आणि एखादी आजी नुसती गप्प झाली तरी ते पान फाडणार. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. खरंच, पाया पडावंसं वाटतं.

तर एकदा त्या माझ्या किचनमध्ये चहा पीत होत्या, आणि ताईचा फोन आला. त्या सकाळी समोरच्या घरातल्या चिनी मिसेस लिननी न सांगता आमचा ड्राइव्हवे शोव्हल करून टाकला होता. सत्तरीची बाई, बाप्पा! मी हसत ताईला म्हटलं, "अगं, नकटीनं आमचाही बर्फ काढला."

नकटी. आमच्या घरात त्यांचं तेच नाव होतं. इथे कुणी आम्हाला 'ब्राउन' म्हटलं की अंगाचा तिळपापड होतो — आणि आम्ही हे.

फोन ठेवला तर रूथबाई विचारतात, "नकटी म्हणजे काय गं? किती हसून म्हणालीस!"

जीभ झडली असती तर बरं झालं असतं. म्हटलं, "लाडकी. जवळच्या माणसाला म्हणतो आम्ही."

त्यांचा चेहरा फुलला. वहीत लिहूनही घेतलं.

वर्षभराने नव्या पुस्तकाची पानं घेऊन त्या आल्या, छापायला जायच्या आधी. गोष्टीतली मराठी मुलगी समोरच्या चिनी आजीला हाक मारते — "नकटी!" म्हणाल्या, "शब्द तुझा. तूच सांग, बरोबर आहे ना?"

पहिल्यांदा गडबडले, ते एक वेळ समजून घ्याल. पण आता? हातात पेन्सिल, घरात दुसरं कुणी नाही. एका वाक्याचं काम होतं. पण या बाईच्या मनातून मी उतरले तर? — एवढंच डोक्यात. "अगदी बरोबर," म्हटलं. वर स्पेलिंगमधली चूकही दुरुस्त करून दिली!

पुस्तक आता लायब्ररीत आहे. पहिल्या पानावर माझे आभार आहेत. एखादी मराठी आई ते उघडेल, तेव्हा रूथबाईंना काय म्हणेल? जन्मभर एकेक शब्द विचारून लिहिणाऱ्या बाईला?

मिसेस लिनना त्यांनी पहिली प्रत दिली. यंदा दिवाळीला मिसेस लिन संत्र्यांची पिशवी घेऊन दारात आल्या. पिशवीवर चिठ्ठी होती — "हॅपी दिवाळी. तुमची नकटी."

मी थँक यू म्हटलं, आणि पिशवी आत घेतली.