श्रावणातल्या पहिल्या सोमवारी काढायची तार

कुमुदताई गेल्याचं मला त्यांच्या सोसायटीच्या वॉचमननं सांगितलं. आषाढातली सकाळ होती, पाऊस आडवा येत होता आणि मी भाजीवर ताडपत्री ओढत होते. "दुसऱ्या मजल्यावरच्या मॅडम हॉस्पिटलमध्ये वारल्या," असं म्हणून तो तिथेच उभा राहिला, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी ताडपत्रीचं टोक दगडाखाली दाबलं. माणूस गेल्यावर मनात पहिलं काय यावं, हे आपल्या हातात नसतं. माझ्या मनात आलं, वडाची तार आता कोण काढणार? जे आलं तेच लिहिते आहे. रडू तेव्हाही आलं नाही, नंतरही नाही. पण त्या सकाळपासून हातांना जी चुळबुळ लागली, ती काही जाईना.

मी कर्वेनगरात त्यांच्या इमारतीच्या कोपऱ्यावर तीस वर्षं भाजी विकते. शाळा चौथीपर्यंत. कुमुदताई टेलिफोनच्या ऑफिसातून रिटायर झालेल्या, लग्न न केलेल्या, एकट्या राहणाऱ्या. बोलणं मोजकं आणि टोचणारं. बरीच वर्षं आमचा संबंध "मेथी कालची आहे का?" आणि "आजची आहे, तुम्ही कालच्या चष्म्यातून बघताय," एवढाच होता. मग सहा वर्षांपूर्वी वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बघते, तर या बाई सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यात वाकून वडाच्या फांद्या वेचतायत. त्या फांद्या आदल्या दिवशी मीच विकलेल्या. माझा दीर खडकवासल्याकडून आणतो. बायका पाटावर ठेवतात, सूत गुंडाळून पुजतात आणि सकाळी कचऱ्यात टाकतात. माझा नवरा जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती, आणि सात जन्म हाच मिळावा असं मी तो असतानाही कधी मागितलं नव्हतं. मी फांद्या फक्त विकायची. मी म्हटलं, "ताई, ताज्या उरल्यात माझ्याकडे, डब्यातून कशाला काढता?" तर म्हणाल्या, "मग कालच का नाही सांगितलंत? माझी कंबर वाचली असती." फांद्या कशाला हव्यात विचारलं, तर बोन्साय करायचंय म्हणाल्या. मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला. त्यांनी सांगितलं, मोठं झाड कुंडीत लहान ठेवायचं. मी म्हटलं, "म्हणजे छळायचं." त्या म्हणाल्या, "कापून विकण्यापेक्षा बरं."

पहिल्या वर्षी सगळ्या फांद्या मेल्या. त्यांनी पुस्तक आणलं होतं, आणि पुस्तकातल्या चित्रांत सगळी झाडं उथळ ताटलीत होती, म्हणून यांनीही फांद्या सरळ उथळ ताटलीत खोचल्या. वर पुन्हा दिवसातून दोनदा पाणी. पंधरा दिवसांत काड्या झाल्या. मला बोलावून दाखवल्या. मी म्हटलं, "पाळण्यातलं पोर उचलून थेट नोकरीला लावलंत की." त्यांना राग आला, पण पुढच्या वर्षी फांद्या तेलाच्या कापलेल्या डब्यांत गेल्या, तळाला भोकं पाडून. विटांचा चुरा, जाड वाळू आणि जुनं शेणखत, हे सगळं त्या रव्याच्या चाळणीनं चाळत. बारीक धूळ टाकून द्यायची, नाहीतर पाणी आत तुंबतं आणि मुळं कुजतात. फांदी कापली की चीक गळतो, तो वाळल्याशिवाय मातीत खोचायची नाही. पाणी वेळ झाली म्हणून नाही, मातीत बोट घालून कोरडी लागली तरच. आणि मग पहिली दोन वर्षं काही करायचं नाही, नुसतं वाढू द्यायचं, खोड जाड होईपर्यंत ताटलीचं नाव काढायचं नाही. त्यांना हे काही न करणं फार जड जायचं. मलाही. दर दोन दिवसांनी मी विचारायची, "किती झालं?" त्या म्हणायच्या, "अहो शेवंताबाई, झाड आहे, रिक्षाचं मीटर नाही."

खरी गरज त्यांना माझ्या बोटांची होती. त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटायचा. पेला भरून धरता यायचा नाही, तर झाडाला तार काय गुंडाळणार? एक दिवस मी कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होते, त्या पिशवी धरून बघत राहिल्या. "वर या दुपारी. तुमची बोटं हवी आहेत." अशी ती विनंती. गेले. तारेचं टोक आधी खोडाशेजारी मातीत रोवायचं, मग तार खोडावरून तिरकी, जिन्यासारखी चढवायची. घट्ट नको, सैल नको. मग फांदीखाली अंगठा धरून ती हळूहळू वाकवायची आणि कान देऊन ऐकायचं. करकर ऐकू आली की थांबायचं. वाचायचं काम त्यांचं, करायचं माझं. मध्येच त्या म्हणायच्या, "खाली सगळ्या बायका वडाला दोरा गुंडाळतात, आपण तार. आपलं निदान वळतं तरी." स्वतःच्या विनोदावर त्या हसत नसत. मी हसायची.

त्यांचं सगळंच गोड होतं असं लिहिणार नाही. पहिल्या वर्षी चहा मला स्टीलच्या पेल्यात आणि त्यांना कपात. एक दिवस मी म्हटलं, "मलाही कपात द्या, पेला हाताला भाजतो." पुढच्या वेळी दोन कप आले. त्यावर आमचं पुन्हा कधी बोलणं झालं नाही. मोठं भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. तार काढताना ती कापायची असते, तुकडे तुकडे करून. मला ते बघवेना. मी सुतळीचा तुकडाही खिळ्याला अडकवून ठेवणारी बाई, चांगली धड तार कापून फेकायची? एकदा त्या आत फोनवर होत्या, तेवढ्यात मी शेजारच्या कुंडीतल्या उंबराची तार उलटी सोडवायला घेतली. तार वाचली. फांदी गेली, बोटाएवढी, खोडापासून तुटून. त्या बाहेर आल्या, बघितलं आणि दार उघडून उभ्या राहिल्या, मी जावं म्हणून. मग आठ दिवस समोरच्या बाईकडून भाजी. माझ्या डोळ्यांदेखत, अगदी निवडून निवडून. नवव्या दिवशी माझ्यापुढे येऊन म्हणाल्या, "तिची वांगी किडकी निघाली." मी दोन चांगली वांगी काढून दिली. तार कापायची बारीक पकड त्यांनी चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवली होती. ती डबी त्या दिवसापासून त्यांनी माझ्या ताब्यात दिली. "धार फक्त तारेसाठी. सुतळी कापलीत तर मला कळेल."

आता त्या शेवटच्या दिवसाचं. यंदाच्या वटपौर्णिमेचा दुसरा दिवस. दुसऱ्या वर्षीच्या फांद्यांतला एकच वड जगला होता, तो आता मनगटाएवढा जाड झाला होता. त्याची डावी फांदी खाली वळवायची होती. मी निम्मी तार चढवली आणि कुमुदताई म्हणाल्या, "सरका. शेवटचे वेढे मी घालते." कंप फार वाढला होता त्यांचा. दोन्ही हातांनी तार धरून त्यांनी दोन वेढे घातले. दुसरा वेढा पहिल्यावर चढला आणि तोल सांभाळायला त्यांनी तो करकचून आवळला. मला दिसलं. हा सालीत शिरणार, हे तिथेच कळलं. मी तोंडाची फटकळ बाई, गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते की तुम्हाला भाजीतलं काही कळत नाही. त्या दिवशी मात्र गप्प बसले. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि त्या फांदीकडे असं बघत होत्या की... जाऊ दे. म्हटलं, पुढच्या आठवड्यात येऊन सैल करू. त्या म्हणाल्या, "लक्षात ठेवा, श्रावणातल्या पहिल्या सोमवारी तार काढायची. पावसात वड फुगतो. एक दिवस पुढे नाही." पुढच्या आठवड्यात त्या हॉस्पिटलमध्ये होत्या.

तेरावा झाला आणि फ्लॅटला कुलूप लागलं. किल्ली त्यांच्या भाच्याकडे, निखिलकडे. तो राहतो वाघोलीला. पाण्याची काळजी नव्हती, गॅलरीत पावसाचे शिंतोडे येतात. पण पाऊस म्हणजे वाढ, वाढ म्हणजे तार आत. वॉचमनकडून नंबर घेऊन फोन केला. "मी शेवंता, खालची भाजीवाली. गॅलरीतल्या वडाची तार काढायची आहे." तो म्हणाला, "हो हो मावशी, या वीकेंडला नक्की येतो. डोंट वरी, प्लांट्स सेफ आहेत, पाऊस आहे ना." मी म्हटलं, "पावसाचंच तर सांगतेय." श्रावणातला पहिला सोमवार गेला. त्या दिवशी मी एका बाईला बटाट्यांऐवजी कांदे मोजून दिले. ती म्हणाली, "लक्ष कुठे आहे?" लक्ष वर होतं. गॅलरीच्या गजांतून वडाची पानं बाहेर आली होती, नवी, तांबूस. रोज थोडी जास्त. लोक म्हणायचे, किती छान वाढलंय. मी मात्र वर बघून दिवस मोजायची. दुसरा सोमवार गेला. मी पुन्हा फोन केला, तो मीटिंगमध्ये होता. जेवताना मी भाकरीचा तुकडा बोटाला वेढत बसायची. एकदा तर वॉचमनला विचारलं, शेजारच्या गॅलरीतून जाता येईल का? तो म्हणाला, "आजी, वय काय तुमचं?"

तिसऱ्या सोमवारी निखिल आला, रंगाऱ्याला फ्लॅट दाखवायला. मी हातगाडी तशीच उघडी टाकून, पकडीची डबी घेऊन वर धावले. तो चांगला मुलगा आहे, माझी वाईट बोलायची इच्छा नाही. त्यानं मला बघून कुंडी उचलली आणि म्हणाला, "मावशी, हा मी घरी नेतो. हॉलमध्ये मस्त दिसेल." मी म्हटलं, "हॉलमध्ये मरेल. आधी खाली ठेवा." ठेवली त्यानं.

बाकीचे वेढे मी कापून काढले, तुकडा तुकडा. खोडावर वळ उठले होते, पण ते भरतात. डाव्या फांदीशी आले आणि तार सापडेना. कुमुदताईंनी दोन वेढे घातले होते तिथे फक्त जाड गाठ होती. साल दोन्ही बाजूंनी वर येऊन मिटली होती, मध्ये चांदीसारखी एक बारीक रेघ. निखिल म्हणाला, "ओढून काढा ना." मी पकड लावली, थोडी ओढली, पांढरा चीक आला. आणखी ओढली असती तर फांदी गेली असती, उंबरासारखी. मी पकड बाजूला ठेवली. त्यानं विचारलं, "ही आत्यानं घातली होती का?" मी म्हटलं, "हो. घट्ट झाली होती. मला दिसलं होतं, मी बोलले नाही." त्याला काय कळलं कोण जाणे. कुंडी माझ्याकडे सरकवून म्हणाला, "तुम्हीच न्या हा. आणि ते डबेसुद्धा."

त्या डब्यांत यंदाच्या फांद्या आहेत. चारातल्या तीन फुटल्या आहेत. त्यांना तार लावायला अजून दोन वर्षं तरी आहेत, तोवर काही करायचं नाही, आणि मला ते कठीण जाणार आहे.

वड आता माझ्या गाडीमागे, सकाळचं ऊन येतं तिथे एका क्रेटवर असतो. गिऱ्हाइकं विचारतात, विकायचा का? मी नाही म्हणते, दुसरं काही सांगत नाही. कुमुदताईंनी एकदा वाचून दाखवलं होतं, आत राहिलेल्या तारेला झाड हळूहळू पूर्ण गिळतं, मग वरून काही कळत नाही. रोज भाजी मांडायच्या आधी मी डाव्या फांदीखाली बोट फिरवून बघते. अजून लागते.