शिप्रेच्या पाण्यातला लाल

मध्यभारत मोडून मध्यप्रदेश झाला, त्या वर्षी आमच्या घरात कुणी कुणाशी सरळ बोलत नव्हतं. बाबा सरकारी कारकून. त्यांचं दफ्तर भोपाळला हलणार, मग नाही हलणार, मग पुन्हा हलणार. रोज नवा हुकूम, आणि त्याचा राग घरी निघायचा. अशात मी इंटर सायन्सचं नाव काढलं. बाबा म्हणाले, भोपाळच्या विज्ञान प्रदर्शनीत बक्षीस आण, तर कॉलेज. नाहीतर मॅट्रिक झालं की स्थळं बघायची. झालं. माझ्या जिवाला घोर लागला.

कन्याशाळेच्या टीममध्ये आम्ही तिघी, आणि आम्हाला शिकवणाऱ्या बहनजी. गावालगतच्या भैरवगढचे कापड छापणारे छपाईवाले म्हणायचे, मंजिष्ठेच्या मुळ्यांचा लाल खुलतो तो शिप्रेच्याच पाण्यात. पाण्यातल्या चुन्यामुळे तो खुलतो, एवढंच आम्हाला दाखवायचं होतं. एका पातेल्यात साठवलेलं पावसाचं पाणी, दुसऱ्यात शिप्रेचं. कापड तेच, तुरटी तीच, रंग तोच. शाळा सुटल्यावर रोज उकळत बसायचं. धुरानं डोळे चुरचुरायचे, हात कोपरापर्यंत तांबडे. देवास गेटवरून घरी येताना बोलायचीही ताकद नसायची. पण दर वेळी शिप्रेचाच लाल सरस यायचा, म्हणून निभावलं.

निघायच्या आदल्या दिवशी मी पाणी बाटलीत भरून आणलं. बाटली दवाखान्यातली, बहनजींनी चांगली उकळून दिलेली. आईला ते बघवेना. शिप्रामाईचं पाणी आणि दवाईच्या बाटलीत? सकाळी पाहते तो बाटली रिकामी, आणि पाणी फिरकीच्या झाकणाच्या तांब्यात, वर हळदकुंकवाची बोटं. प्रवासाला शुभ म्हणून तिनं तांब्या असा घासला होता की त्यात तोंड दिसावं. तांब्यानं काय होणार, असं बहनजी म्हणाल्या, आणि गाडीची वेळही झाली होती.

भोपाळला परीक्षक आमच्या टेबलापाशी आले तेव्हा पावसाच्या पाण्यातलं कापड बरं निघालं. शिप्रेच्या पातेल्यातलं वर काढलं, तर पिवळट विटकरी. परीक्षक हळूच म्हणाले, "बेटी, नतीजा तो उल्टा आया."

मी तांब्यातलं उरलेलं पाणी जिभेवर घेतलं. आंबट! बहनजींनी घेतलं, त्यांनी तोंड वाकडं केलं. तांब्याच्या अरुंद गळ्यातून बघितलं तर तळाशी चिंचेचा कोळ; त्या आंबटानंच लाल बिघडला होता. आम्ही परीक्षकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, समोर दिसतं त्यालाच नंबर देता येतात. त्यांचं तरी काय चुकलं?

घरी पोचले तेव्हा बाबा वाटच बघत होते. गोष्ट रचायची शक्ती नव्हती, म्हणून झालं तसं सांगून टाकलं. आई पोळ्या लाटत होती. तिचा हात थांबला. ती म्हणाली, "आतून चिंच मीच लावली होती. मध्येच नळ गेला, नीट विसळायचं राहिलं."

कचेरीतला निकाल द्यावा तसे बाबा आईला म्हणाले, "मग हरलीस तू. ही कुठे हरली? हिचं नाव घालू कॉलेजात."

आणि ते हसले. कित्येक महिन्यांत हसले नव्हते. मीही हसले. खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला होता की आईकडे बघायचंच सुचलं नाही. ती पुढची पोळी लाटत होती.

आधी माझी पुस्तकं तीच आवरायची, पदरानं पुसायची. नंतर ते बंद झालं. जरा ही वही धर गं म्हटलं तर म्हणायची, नको बाई, माझा हात लागला की बिघडतं. मला वाटायचं टोमणा मारते आहे, बाबांचं बोलणं परतवते आहे. बाबा तर ते विसरूनही गेले होते. कॉलेज, प्रॅक्टिकल, सायकलीची रोजची रपेट, यात मीही दमून जायची. तिची समजूत काढायची राहूनच गेली.

बी.एस्सी.चा निकाल लागला त्या दिवशी पेढे घेऊन आले. देवापुढे ठेव म्हणून पुडा तिच्यापुढे केला. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"तूच ठेव," ती म्हणाली. "सगळं नीट झालंय. आता उगाच माझा हात नको."