इसापूरच्या पाण्यातली हाक

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. बोलायची वेळच आली नाही, कारण मी जे खोटं सांगितलं ते सगळ्यांनी लगेच मानलं. आपलं खोटं इतक्या सहज मानलं गेलं की माणूस घाबरतो. मी तेव्हापासून घाबरलेलीच आहे. कुणी जरा जास्त गोड बोललं तरी वाटतं — याला कळलंय.

तुम्हाला सांगते. पण सरळ मुद्द्यावर यायला जीभ वळत नाही, जरा लांबून येऊ द्या.

माझं माहेर कुरुंदा. वडिलांनी पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधून मला शेतातल्या विहिरीत सोडलं, तेव्हा मी दुसरीत होते. दहावीपर्यंत उन्हाळाभर मी त्या विहिरीतच असायचे. लग्न होऊन आखाडा बाळापूरला आले आणि पोहणं संपलं. नवऱ्याचं, विलासचं, जळालेल्या मोटारींचं वायंडिंग करायचं दुकान आहे. मुलगी गार्गी दोन वर्षांची असताना त्यांनी एकदा मोबाइलवर मला ट्रायथलॉन दाखवली. बायका तलावात पोहत होत्या, ओल्या अंगानं सायकलवर बसत होत्या, सायकल टाकून पळत सुटत होत्या. "हे तुला जमंल की," ते म्हणाले. गंमत म्हणून म्हणाले असतील. मी मात्र ते धरून बसले.

त्याच वर्षी हिंगोलीला बी.एड.ला नाव घातलं होतं. पहाटे पळायचं, नाहीतर हायवेवर सायकल, मग ओल्या केसांनी एसटी धरायची आणि मांडीवर पुस्तक. गावात बोलणारे बोलायचेच — लेकरू घरी टाकून ही कुठं पळून राहिली? सासूबाई काही म्हणायच्या नाहीत. त्यांचं गप्प राहणंही मला टोचायचं.

पण हे सगळं जमत होतं ते माझ्यामुळं नाही, अश्विनीमुळं. अश्विनी माझी नणंद, विलासची धाकटी बहीण, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. गार्गीची अंघोळ, तिचं खाणं, तिचं रडणं — सगळं तिच्याकडं. माझ्या पाठांसाठी लागणारे तक्तेसुद्धा तीच रंगवून द्यायची. हळूहळू ती माझ्याबरोबर पळायला येऊ लागली. मग सायकल. मग म्हणाली, "वहिनी, मला बी शिकवा की पोहायला." मीच शिकवलं. आमच्या शेतातल्या विहिरीत, तिच्या पोटाखाली हात धरून.

वर्षभरात तिचा हात पाण्यात माझ्यापेक्षा चांगला पडू लागला. नांदेडला आम्हाला शिकवणारे एक सर होते, त्यांनी ते माझ्यादेखत बोलूनही दाखवलं. आणि मग त्यांनीच सांगितलं की पुढच्या मोठ्या स्पर्धेला त्यांच्या संघात बाईसाठी जागा एकच आहे. तुम्हा दोघींतली एक. महिन्याभरानं बघू.

तिथून माझी नजर बदलली.

ती आज लवकर का उठली? सरांचा फोन हिला कसा आला, मला का नाही? गार्गीला ही इतका जीव लावते तो का — लेकरू हिलाच चिकटावं, की मी घरी अडकावी? गार्गीला ताप आला होता, दुसऱ्या दिवशी माझा पेपर होता. अश्विनी म्हणाली, "वहिनी, आज पळायला नका जाऊ, अभ्यासाचं बघा." मला ते काळजीचं बोलणं वाटलंच नाही. मी त्या दिवशी मुद्दाम जास्त पळाले.

एका सकाळी माझ्या सायकलीच्या चाकात हवा नव्हती. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मी कुणाला काही बोलले नाही, सायकल आमच्या खोलीत आणून ठेवायला लागले. खोलीला कुलूप लावायला लागले — स्वतःच्या घरात. मग एक दिवस गार्गीच चाकाजवळ बसलेली दिसली. व्हॉल्व्ह दाबायची, हवा फुस्स करून सुटायची, ही खदखदून हसायची. तेव्हा तरी माझं मन निवळायला हवं होतं ना? मी काय विचार केला सांगू? हिला हे शिकवलं कुणी?

आणि एकदा पळताना अश्विनी रस्त्यात खाली बसली, पोटरीत गोळा आला म्हणून. मी थांबून पाय चोळून दिला. उठली, आणि शेवटच्या टप्प्यात हसत हसत माझ्या पुढं निघून गेली. मीही हसले. पण मनात पक्कं बसलं — नाटक करते ही.

आता धरणाचं सांगते.

रविवार होता. विलासनी आम्हाला गाडीवर इसापूरच्या धरणाला सोडलं आणि जवळच्या एका गावात कुणाची मोटार बघायला गेले. गार्गी घरी होती. सर नेहमी बजावायचे की कमरेला फुगा — दमलं तर धरून तरंगायचा — बांधल्याशिवाय धरणात उतरायचं नाही. फुगा एकच आणला होता. अश्विनी म्हणाली, "तुमी बांधा वहिनी, तुमच्या मागं लेकरू हाय." मी बांधला. मला तेव्हाही वाटलं, ओझं माझ्या कमरेला देऊन ही पुढं जाणार.

पाण्यात अर्ध्या बुडालेल्या बाभळी होत्या, तिथवर जाऊन परत यायचं होतं. जाताना ती पुढं होती. बाभळीपाशी वळताना मी तिला मागं टाकलं. अंगात काय जोर आला होता म्हणून सांगू.

मग मागून हाक आली. "वहिनी!"

घरी सगळे म्हणतात, वहिनीच्या कानात पाणी गेलं होतं. माझ्या कानात पाणी गेलेलं नव्हतं. मी हाक ऐकली. मी वळूनही बघितलं. तिचं डोकं वर होतं, एक हात वर होता. मला रस्त्यावर बसलेली ती आठवली आणि मी पुढं निघाले.

इथवर सांगून थांबले तर तुम्ही म्हणाल, बिचारीला नाटक वाटलं, गैरसमज झाला. मीही कित्येक दिवस स्वतःला इथवरच सांगत आले. पण पुढं आहे.

दुसरी हाक आली. "वहिनी, पाय —" एवढीच. मी पुन्हा वळले. या वेळी तिचं तोंड आभाळाकडं होतं आणि हात नुसते पाण्यावर दाबले जात होते. मी विहिरीत वाढलेली बाई. पोहायला शिकणाऱ्या पोरांचे असे चेहरे मी लहानपणापासून पाहिलेत. माणूस खरंच बुडायला लागला की तो असाच दिसतो, हे मला कळत होतं. संशय तिथंच संपला होता. माझ्या कमरेला फुगा होता. आणि मी तोंड फिरवून पुढं हात मारायला लागले.

किती हात मारले, माहीत नाही. तेव्हा मनात काय होतं? काहीच नव्हतं, असं म्हणायला मला फार आवडेल. होतं. जागा एकच आहे, हे होतं.

तिसरी हाक आलीच नाही, तेव्हा मी थांबले. परत फिरले तोवर बाभळींच्या आडून एक भोई काका थर्माकोलच्या तराफ्यावरून आले होते आणि तिला केसांना धरून वर घेत होते. काठावर ती पालथी पडून पाणी ओकत होती. काका माझ्याकडं बघत म्हणाले, "ओ बाई, म्या त्या काठावरून ऐकलं. तुमाला काहून ऐकू न्हाई आलं?"

"कानात पाणी गेलतं," मी म्हणाले. ती कशी आहे हे विचारायच्या आधी, माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य ते.

विलास आले. ते काकांचे हात धरून रडत होते आणि मी दोघांच्या मधे उभी होते. काका आणखी काही बोलतील का, याच्यावर माझं सगळं ध्यान.

घरी सासूबाईंनी मला पहिल्यांदाच धारेवर धरलं. तर गोधडीत गुंडाळलेली अश्विनीच म्हणाली, "त्यांचा काय दोष आई? कानात पाणी गेलतं त्यांच्या." सासूबाई उठून आत गेल्या. थोड्या वेळानं लसूण घालून तेल कोमट करून आल्या, मला मांडीवर डोकं ठेवायला लावलं आणि माझ्या धडधाकट कानांत ते तेल सोडलं. मी आधी एक कान पुढं केला, मग दुसरा.

अश्विनी पुन्हा पाण्यात उतरली नाही. जागा मला मिळाली. मी तिसरी आले. गावानं शाल घातली, कुणीतरी भाषणात म्हणालं की संसार, शिक्षण आणि खेळ कसा सांभाळावा हे या सुनेकडून शिकावं. फोटो अश्विनी काढत होती. ती हसत होती, आणि ते हसणं कसलं आहे हे मी स्टेजवरून निरखत होते. बी.एड. झालं. मी अजूनही स्पर्धांना जाते. इसापूरला मात्र सरावाला जात नाही, ते काका भेटतील म्हणून.

अश्विनीचं लग्न होऊन ती औंढ्याला गेली, तिथल्या एका शाळेत शिकवते. तिचा फोन आला की मी आधी आवाज पारखते. एवढ्या वर्षांत तिनं धरणाचा विषय काढला नव्हता. का काढला नव्हता? विसरली म्हणून, की सगळं ठाऊक आहे म्हणून?

या संक्रांतीला ती आली होती. आम्ही दोघी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. मान वर न करता ती म्हणाली, "वहिनी, एक विचारू? तवा धरणात तुमी वळून बघितलं होतं, व्हय ना?"

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. राग नव्हता. आपलं काही चुकतंय का, असं विचारणाऱ्या पोरीसारखी दिसत होती.

"न्हाई गं," मी म्हणाले. "काहून?"

"काही न्हाई. मला आपलं तसं दिसल्यासारखं वाटत राहतंय. झोपेतून दचकून उठते. हे म्हणतात, भीतीनं माणसाला काहीबी दिसतंय."

"तसंच असंल," मी म्हणाले.

"तसंच असंल," ती म्हणाली, आणि सोललेले दाणे घेऊन आत गेली.

तिला बराबर दिसलं होतं. मी दोनदा वळले होते, आणि दोन्ही वेळा माझी नजर तिच्यावर होती.