ओल्या रंगाचे नऊ दिवस

पदनाम: वरिष्ठ यंत्रचालक, वीज उपकेंद्र, सकाळपाळी. लिंग: स्त्री. वय: सत्तावन्न. उंची: पाच फूट, बूट धरून. कर्तव्य: मुख्य रोहित्राच्या संरक्षणार्थ बसविलेल्या तीन तडितरोधकांच्या मापकांचे रोज सकाळी आठ वाजता प्रत्यक्ष निरीक्षण करून नोंदवहीत नोंद घेणे. सचोटी: संशयातीत.

सेवापुस्तकात हे सगळं आहे. फक्त तिथल्या नावाने तिला कुणी हाक मारत नाही. लाईनमनपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांची ती रीडिंगताई.

तडितरोधक हा शब्दही तिथे कुणी उच्चारत नाही. सगळे अरेस्टर म्हणतात. लोखंडी चौकटीवर उभे केलेले, चिनी मातीच्या चकत्या रचल्यासारखे दिसणारे, माणसाएवढे तीन खांब. लाईनवर वीज पडली की ती ट्रान्सफॉर्मरच्या अंगावर जाण्याआधीच तिला जमिनीची वाट दाखवायची, एवढंच त्यांचं काम. एरवी ते नुसते उभे असतात. त्यांच्यातून किंचित करंट तेवढा झिरपतो आणि तो खालच्या मीटरवर दिसतो. मधल्या मीटरचा काटा गेली अकरा वर्षं पॉइंट आठवर होता.

ताईंचा नवरा शिंपी. मशीनवरून मान न उचलता तो विचारायचा, "म्हणजे तू रोज जाऊन त्यांना विचारतेस, काल काही झालं का. आणि ते सांगतात, नाही."

"हो म्हणाले तर मी जेवायला घरी येणार नाही," ताई म्हणायच्या.

तर एके दिवशी रंगारी आले. लाईन बंद करून त्यांनी चौकटींना दिवसभर चंदेरी रंग फासला आणि जाताना यार्डाच्या पायवाटेवर पाटी लावून गेले: रंग ओला आहे, आत येऊ नये. दुसऱ्या दिवशी आठ वाजता ताई पाटीपाशी थांबल्या. पाटीचा अवमान करणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. काटा तिथून दिसत नव्हता, पण तो कुठे असणार हे जगजाहीर होतं. त्यांनी पॉइंट आठ लिहिलं. तिसऱ्या दिवशीही पाटी होती. पाटी काढायचं काम रंगाऱ्यांचं, आणि रंगारी तर केव्हाच दुसऱ्या गावी गेले होते. रंग वाळला, पाटी ओलीच राहिली.

अकराव्या दिवशी सकाळी वाऱ्याने पाटी पडली. ताई आत गेल्या. मधला काटा शून्यावर होता.

त्यांनी काचेवर टिचकी मारली. शून्य. पदराने काच पुसली. शून्यच.

अरेस्टरची जमिनीकडे जाणारी तार तुटली असेल तर तो अरेस्टर नव्हे, नुसता खांब. वीज आली तर सरळ ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरणार. तो जळाला तर अर्ध्या शहराचं पाणी आणि अख्खं इस्पितळ महिनाभर जनरेटरवर. आणि चौकशीला बसणारे सगळ्यात आधी नोंदवही उघडणार. तिच्यात नऊ दिवस, सुवाच्य अक्षरात, पॉइंट आठ. पश्चिमेला ढग जमत होते.

कंट्रोल रूममध्ये त्यांच्या जोडीला जो ऑपरेटर असे, त्याला सगळे रेडिओ म्हणत. कारण सांगायची गरज नाही.

"पॉइंट आठ लिहा आणि गप्प बसा ताई," रेडिओ म्हणाला. "दुपारपाळीत बघू. काटाच अडकला असेल. आमच्या मेहुण्याच्या स्कूटरचा असाच अडकायचा, बिचारा कायम चाळीसच्या स्पीडने उभा असायचा."

"तुझा मेहुणा वीज अडवत नव्हता."

ताईंनी शून्य लिहिलं. मग त्यांनी टेस्टिंगच्या इंजिनिअरला फोन लावला.

"कधीपासून शून्य आहे?" त्याने विचारलं.

"माहीत नाही, साहेब."

"नोंद काय सांगते?"

"नोंद पॉइंट आठ सांगते. पण नऊ दिवस मी आत जाऊन बघितलेलंच नाही."

"यार्डात कुणी जाऊ नका," तो म्हणाला. "निघालो मी."

त्याला यायला दोन तास होते. ढगांना तासभरच लागला. साडेनऊला लाईनवर कुठेतरी वीज पडली. खिडकीची तावदानं थरथरली, दिवे डोळा मारल्यासारखे झाले आणि पुन्हा लागले. ताई खिडकीशी जाऊन ट्रान्सफॉर्मरकडे बघत उभ्या राहिल्या. धूर नाही, आग नाही. त्याची ती नेहमीची घरघर चालूच होती. रेडिओ चक्क बंद पडला होता.

वादळ पुढे सरकल्यावर इंजिनिअर आला. त्याने कुंपणाबाहेरून दुर्बीण लावली, आणि लावूनच ठेवली.

"ताई, रंगाचे डबे टांगायला यांनी काय वापरलं होतं?"

"तार असेल. का?"

"तीच. काढायची राहिली आहे. अरेस्टरच्या बुडाला अडकली आहे आणि दुसरं टोक चौकटीला. करंट मीटरला वळसा घालून तारेतून चौकटीत, चौकटीतून जमिनीत. अरेस्टर ठणठणीत आहे."

लाईन दहा मिनिटं बंद ठेवून त्याने तार काढली. लाईन सुरू झाली आणि काटा पॉइंट आठवर येऊन बसला, जसं काही झालंच नव्हतं. दीड फुटाची तार. एक टोक वितळून त्याचा मणी झालेला.

"म्हणजे मघाशी वीज इथूनच गेली?" रेडिओने विचारलं.

"इथूनच. अरेस्टरने त्याचं काम केलं. मीटरला कळवलं नाही, इतकंच."

ताई खुर्चीत बसल्या. "आणि माझे नऊ दिवसांचे पॉइंट आठ?"

"ते मला लिहावे लागतील. लेखी समज मिळेल."

"मिळू दे. लिहा, साहेब. एकही गाळू नका."

दोन वाजता त्यांची पाळी संपली. घरी जायचं सोडून त्या तिथेच बसून राहिल्या. इंजिनिअर शेजारच्या टेबलावर अहवाल लिहीत होता: "संबंधित कर्मचाऱ्याने कर्तव्यात कसूर केल्याचे स्वतःहून मान्य केले असून, प्रकरणाचे गांभीर्य त्यांच्या पूर्णपणे लक्षात आले आहे."

संबंधित कर्मचारी भिंतीला डोकं टेकून गाढ झोपली होती.