व्याह्यांकडची बिअर

बिअरमधलं मला काहीही कळत नाही, आणि हे मी डेव्ह सोडून सगळ्यांना सांगितलेलं आहे.

डेव्ह म्हणजे आमचे होणारे व्याही. आमच्या इराचं त्यांच्या मार्कशी लग्न ठरलं आणि पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "डू यू लाइक क्राफ्ट बिअर?" मी म्हटलं, "व्हेरी मच!" (त्यांनी कारल्याच्या रसाबद्दल विचारलं असतं तरी हेच म्हटलं असतं. आम्ही पडलो मुलीकडचे!) झालं! ओटावाच्या आसपासच्या निरनिराळ्या ब्रूअरींच्या बाटल्या जमवून त्यांनी आम्हाला टेस्टिंगला बोलावलं.

कॅनाटातल्या आमच्या घरून निघाल्यापासून इरा गाडीत मला पढवत होती. "बाबा, स्मेल इट, टेक अ सिप, से वन नाइस थिंग. अँड प्लीज, डोन्ट फिनिश एव्हरीथिंग!"

"टाकायचं? व्याह्यांच्या घरी?"

"मार्क्स डॅड टेक्स धिस सीरियसली, बाबा. डोन्ट एम्बॅरस मी."

आता, पानात शीत उरलं तर ज्याला आईने कधी उठू दिलं नाही, त्याने ऐन व्याह्यांच्या घरी माज करायचा? मी प्रत्येक ग्लास तळापर्यंत संपवला. डेव्ह मात्र घोट तोंडात घोळवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "पाइन... ग्रेपफ्रूट... अ लिटल वेट लेदर." मला सगळ्यांत नुसती बिअरच लागत होती. तरी एका काळ्याकुट्ट बिअरवर मी धीर करून म्हटलं, "करपलेली भाकरी!"

"व्हॉट इज भाकरी?" डेव्हनी उत्सुकतेने विचारलं.

"अ काइंड ऑफ ब्रेड," माझी बायको माधुरी शांतपणे म्हणाली. "ही मेक्स इट."

सगळे ग्लास संपवणाऱ्या माणसाला वॉशरूमला जावं लागतं. परत आलो तर टेबलाशी कुणी नाही. डेव्ह पुढची बाटली आणायला बेसमेंटमध्ये, बाकी मंडळी किचनमध्ये. आणि टेबलाच्या मधोमध एक काचेचा मोठा जग, गढूळ सोनेरी बिअरने भरलेला. मी ताडलं, ही यांची घरची खास असणार, आणि पहिला मान पाहुण्याचा म्हणून कुणी हात लावलेला नाही. मोठा ग्लास भरून घेतला आणि उभ्या उभ्या संपवला.

डेव्ह वर आले.

"डेव्ह! धिस वन इज द बेस्ट! किती चवी आहेत हो हिच्यात!" माझं इंग्रजी आनंदाने संपलं होतं. "यू मस्ट हॅव!"

डेव्हनी जगाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "ओह, आय'म गुड, थँक्स," ते म्हणाले.

एका 'नको'वर थांबलो तर आपण कसले यजमान? (यजमान ते होते, पण आग्रह करताना इतकं कोण बघतं!) मी त्यांच्या हातात भरलेला ग्लास कोंबला. "फॉर मी! हाफ तरी!" कॅनेडियन माणूस दोनदा नाही म्हणू शकत नाही. डेव्ह ग्लास धरून नुसते उभे राहिले.

तेवढ्यात इरा बाहेर आली आणि किंचाळली. माझ्या प्रत्येक मराठी वाक्याला आजवर इंग्रजीत उत्तर देणारी माझी मुलगी त्या दिवशी शुद्ध मराठीत ओरडली, "बाबा, ते सगळ्यांचं उष्टं आहे!"

टेस्टिंगमध्ये घोटभर पिऊन उरलेली बिअर ओतायला असा जग ठेवतात म्हणे. (मी ग्लास तळापर्यंत संपवण्यात गुंग, कोण कुठे ओततंय इकडे लक्ष कुठलं!) माधुरीने तर प्रत्येक बिअर नुसती ओठांना लावून त्यात रिकामी केली होती. म्हणजे निम्मा जग सौभाग्यवतींचा. उरलेल्या निम्म्याचा मी विचार केला नाही.

"व्हॉट इज उष्टं?" डेव्हनी विचारलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इराचे डोळे भरून आले होते. ते पाहून माझ्या तोंडून जे निघालं त्याला मी जबाबदार नाही. "इट इज अवर कस्टम," मी म्हणालो. "लग्नाआधी दोन्ही घरांनी एकमेकांचं उष्टं प्यायचं. देन वुई आर वन फॅमिली."

माधुरी छताकडे पाहत होती. डेव्हनी मात्र पाठ ताठ केली, गंभीरपणे ग्लास उंचावला आणि एका दमात रिकामा केला. मग मला मिठी मारली. "दॅट्स ब्यूटिफुल," ते म्हणाले. "वुई हॅव टू डू धिस अ‍ॅट द वेडिंग!"

लग्न पुढच्या महिन्यात आहे. डेव्हनी दोन्ही घराण्यांची नावं कोरलेला भलामोठा जग करून घेतलाय. त्यांचं अख्खं गोत पार रेजिना शहरातून येतंय आणि प्रत्येक जण त्यात आपला घोट ओतणार आहे. पहिला मान अर्थातच मुलीच्या बापाचा.

परवा गुरुजींचा फोन आला. "हा विधी मला पोथीत सापडत नाहीये. मंत्र कुठला म्हणू?"

"कुठलाही म्हणा, गुरुजी," मी म्हटलं, "पण चांगला लांबलचक म्हणा. पानात टाकायची सवय नाही मला, तो जग संपवायला वेळ लागेल."