भैरोबाच्या डोणीतलं पाणी

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या भावाजवळ तर नाहीच. तुम्ही लांबचे, म्हणून सांगायला जीभ उचलतेय. आणि कालपासून मी इतकी खुशीत आहे, की आता नाही सांगितलं तर पुढे कधीच सांगणार नाही.

माझं माहेर हिर्डोशी. गावाच्या वरच्या अंगाला भैरोबाचं देऊळ आणि देवळाच्या अंगणात दगडी डोण — एकाच दगडात कोरलेलं रुंद तोंडाचं कुंड, काठावर झिजलेल्या कमळाच्या पाकळ्या. कुणी कोरलं, कधी, कुणाला ठाऊक? डोंगरातला झरा त्यात उतरतो. आमच्याकडे बारशाला बाळाच्या आत्याने अनवाणी वर जायचं, डोणीतलं पाणी तांब्यात आणायचं आणि पाळण्यात घालण्याआधी बाळाच्या टाळूला लावायचं. ते लागलं की लेकरू भैरोबाचं झालं, त्याला काही होत नाही, अशी गावाची समजूत. माझीही. हे ध्यानात ठेवा — माझीही होती.

आता माझा स्वभाव. भावकीत विचाराल तर सगळे हसतील. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. भावाला मुलगी झाली, तिच्या बारशाला मी सासरहून, भोंगवलीहून, पहिल्या एसटीने आले. पिशवीत झबलं-टोपडं आणि मनात नाव ठरवलेलं — हौसा. आमच्या आईचं नाव. नाव ठेवायचा मान आत्याचा, नाही का? घरात पाऊल टाकते तर वहिनीने टीव्हीवरच्या कुठल्याशा मालिकेतलं नाव ठरवूनही टाकलेलं. स्वप्नाली! भिंतीवर रंगीत कागदाची अक्षरंसुद्धा चिकटवून झालेली. मला विचारायचं कुणाला सुचलं नाही. आणि पाणी आणायला मात्र मी?

निघाले ती धुसफुसतच. ऊन चढलेलं, पाय भाजत होते. आणि चढ सुरू व्हायच्या जरा आधी — कसं सांगू? — तिथं म्हशींना पाजायचा हौद होता. एक म्हैस तोंड घालून निवांत पीत होती. मी तांब्या तिच्या शेजारीच बुडवला.

दमले होते म्हणून नाही. उन्हाने नाही. रागाने. ‘घ्या, लावा तुमच्या स्वप्नालीला’ असं मनात म्हणत बुडवला. लगेच परतले असते तर संशय आला असता, म्हणून करवंदीच्या जाळीशी बसून चक्क करवंदं खाल्ली. आणि घरी येऊन ते पाणी त्या एवढ्याशा टाळूला माझ्याच हाताने लावलं.

बाळ रडत होतं, ते गप्प झालं. बायकांनी भैरोबाला हात जोडले. वहिनी डोळे पुसत माझ्या पाया पडली आणि तिने मला जरीकाठाची साडी नेसवली. मी ती पुढे प्रत्येक लग्नात मिरवली.

पोरगी मोठी होत गेली ती साऱ्या गावाला पुरून उरेल अशी. झाडावर चढणार, म्हशीवर बसणार, मी आले की एसटीच्या दारापाशीच गळ्यात पडणार. मला तर ती पोटच्या पोरांहून लाडकी. एका पावसाळ्यात पाय घसरून ओढ्यात वाहून गेली. लोकांनी बाहेर काढली तेव्हा शुद्धीवर नव्हती. भाऊ गाडी बघायला पळाला. मी रडत उभी, आणि वहिनी — तिची आई — मलाच धीर देत होती.

“वन्सं, रडू नगा. डोणीचं पाणी लागलंय तिला, तुमीच आणलं न्हाई का? काय बी व्हायचं न्हाई.”

तेव्हा तरी बोलायला नको होतं? तोंड उघडलं मी. आणि नुसते पोरीचे गार तळवे चोळत बसले. संध्याकाळी पोरीने डोळे उघडले आणि सगळ्यात आधी भजी मागितली. घरभर हसू झालं. मीही हसले. माझ्या वाटची भजी मात्र पोरीच्याच ताटात सरकवली.

काल स्वप्नालीच्या लेकीचं बारसं झालं, हिर्डोशीलाच. बाळाची आत्या पासली गावची, कोवळी पोर, नवखी. तिला वाट दाखवायच्या निमित्ताने मी सोबत गेले. गुडघे कुरकुरत होते, तरी अनवाणी. म्हशींच्या हौदाकडे मान वळवली नाही. तिने डोणीत तांब्या भरला. मग मीही एक भरला.

घरी तिने बाळाच्या टाळूला पाणी लावलं. बाळ पाळण्यात गेलं. मी हळूच स्वप्नालीच्या मागे गेले आणि सगळा तांब्या तिच्या डोक्यावर उपडा केला.

नवी साडी, गजरा, सगळं चिंब! पोरगी किंचाळली आणि मग खो-खो हसत सुटली. “आत्या! बारसं माझं हाय का लेकीचं?”

बायका हसून लोळायच्या बाकी होत्या. “वन्सं, म्हातारपणी ह्यो काय चावटपणा!” म्हणत वहिनी पोट धरून हसत होती. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, खरंच सांगते.

‘तुझंच गं,’ असं म्हणायचं होतं मला. वहिनी समोरच उभी होती. मी पदराने पोरीचे केस पुसत राहिले.