मासोळीवर घेतलेला आळ

सडक अर्जुनीच्या शाळेत मी विज्ञान शिकवत असे. शिळ्या भाकरीवर बुरशी कशी धरते, हे पोरांना दरवर्षी दाखवायचो. तसलीच बुरशी माझ्या कमरेला धरली तेव्हा मात्र मला ओळखू आली नाही.

निवृत्तीनंतरची गोष्ट. आधी कमरेभोवती लाल कडी उमटली, मग जांघेत. मेडिकलवाल्याकडून मीच एक ट्यूब आणली. दोन दिवसांत खाज गेली, आठ दिवसांत दुप्पट होऊन परत आली. मी पुन्हा ट्यूब आणली. असं वर्षभर चाललं. मग बायकोच्याही अंगावर तशीच कडी दिसली आणि मी निदान केलं: मासोळी.

माझी बायको नवेगाव बांधची. तिचा धाकटा भाऊ तलावात जाळं टाकतो. दर रविवारी तो सायकलवर बहिणीसाठी मासोळ्या घेऊन यायचा. त्या रविवारी मी त्याला दारातच अडवलं.

"तुमच्या तलावाच्या मासोळीनं आमचं अंग नासलं. आता आणू नका."

त्यानं पिशवी पुन्हा हँडलला अडकवली आणि गेला. नंतर आला नाही.

मासोळी बंद झाली, खाज सुरूच. शेवटी आम्ही दोघं गोंदियाला चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आमची कातडी ब्लेडनं हलकेच खरवडून काचेवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. "दाद है, बाबूजी. अब तक क्या लगाया?" दाद म्हणजे गजकर्ण, कातडीवरची बुरशी.

मी ट्यूब दाखवली. त्या माझ्याकडे अशा पाहू लागल्या, जसा मी नापास पोराकडे पाहायचो. त्या ट्यूबमधल्या औषधानं खाज दबते, पण बुरशी मोकाट पसरते, असं त्यांनी समजावलं. मग विचारलं, "टॉवेल अलग-अलग है?"

नव्हते. घरात एकच, माझा खांद्यावरचा पंचासारखा दुपट्टा. त्यालाच दोघं अंग पुसायचो. म्हणजे तिला ही भेट माझीच.

बायको कपडे नीट करून बाहेर गेल्यावर मी हळूच विचारलं, "और मछली?"

"मछली ने आपका क्या बिगाड़ा? खाइए."

ट्यूब बंद, दोघांना कित्येक आठवडे गोळ्या, साधं मलम, कपडे वेगळे आणि उन्हात वाळवलेले. एवढाच उपाय. बाहेर बायकोनं विचारलं, "मासोळीचं काय म्हनल्या?"

"बंदच ठेवा म्हणाल्या," मी म्हणालो.

का म्हणालो? साळ्यासमोर चूक कबूल करायची लाज. पुढे आम्ही दोघं बरे झालो आणि गावभर मीच सांगत फिरलो, बघा, मासोळी सोडली म्हणून. विज्ञानाचा मास्तर!

काही वर्षांनी बायकोचे गुडघे गेले. एसटीची पायरी तिला चढवेना, माहेर सुटलं. एकदा ती म्हणाली, "माझा भाऊ मले पाहाले काऊन येत नाई?" तेव्हा मी तिला सारं सांगितलं. ती म्हणाली, "मले कायले सांगून राहिले? त्याले जाऊन सांगा."

गेलो. साळा तलावाच्या पाळीवर बसून जाळं शिवत होता. मी बोललो, त्यानं हात थांबवला नाही.

"मले मालूम होतं, भाऊजी. आमचं सारं गाव मासोळी खाते. कोनाचं अंग नासलं?"

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुमी मास्तर. आन् माझी बहीन तुमच्या घरी."

घरी या म्हटलं, तर त्यानं नुसती मान हलवली. घरी येऊन मी बायकोला त्याचा शब्द न् शब्द सांगितला. या वेळी एकही बदलला नाही.

"तो येईल," ती म्हणाली. "पन तो आला का तुमी बाहेर जाऊन बसजा."

पुढच्या रविवारी तो आला. मी सकाळपासूनच बाहेर बसलो होतो.